पडद्याच्या मागल्या बाजूचा पिक्चर

मला लिहिता येत नाही. दुसरीपर्यंत शाळेत गेले, पुढं बकऱ्यांच्या मागं गेले. म्हणून मी बोलते आणि सून लिहून घेते. ती मध्येच विचारते, "अम्मी, हे जरा नीट करून लिहू?" मी म्हणते, नको गो, तोंडातनं येतंय तसंच राहू दे.

मी रत्नागिरीच्या खाडीकाठची. लग्न झालं आणि तिसऱ्या महिन्यात आमचे हे लॉन्चवर कामाला गेले. एका वादळात त्यांच्या उजव्या हातावर दोरखंडाचा वेढा बसला, कोपर मोडलं. हाडवैद्यानं बांधलं ते वाकडंच बसलं. तेव्हापासून त्यांचा उजवा हात छातीच्या वर जाईना. डोक्यावरची माशी हाकलायची तरी डावा हात. फक्त जेवायला उजवा. डाव्या हातानं कसं जेवणार? मग हात तोंडाकडे न नेता तोंडच हाताकडे न्यायचे, ताटावर ओणवं होऊन. बघणाऱ्याला वाटायचं हा माणूस ताटाला सलाम करतोय.

लॉन्चवर असला हात चालत नाही. मग हे शारजाला उतरले आणि गोऱ्यांच्या कॅम्पात किचनमध्ये लागले. बटाटे सोलायचे, अंडी उकडायची, भांडी. चार वर्षांनी मला बोलावलं. नऊ दिवस लॉन्चमध्ये उलट्या करत मी आले, सोबत एक ट्रंक आणि एक आरसा. आरसा आईनं दिलेला, तळहाताएवढा.

आमचं घर म्हणजे खजुराच्या झावळ्यांची झोपडी. कॅम्पाच्या तारेच्या कुंपणाबाहेर अशा दहा-बारा झोपड्या होत्या, सगळी आपलीच माणसं, रत्नागिरी आणि रायगडची. पाणी गाढवावरून यायचं, दोन डबे घराला. त्यातच स्वयंपाक, त्यातच नमाजआधीचा वजू, त्यातच अंघोळ. उन्हाळ्यात झोपडीच्या आत भाकरी न भाजता भाजली असती. रडून काय करायचं? रडायलासुद्धा अंगात पाणी लागतं.

शेजारी एक खाला राहायची, श्रीवर्धनकडची. नवरा कॅम्पातला धोबी. वयानं मोठी, जिभेनं त्याहून मोठी. वस्तीतल्या बायका तिचंच ऐकायच्या. मी आले त्या दिवशी तिनं झाकलेलं ताट पाठवलं, त्यात सांदणं. ताट रिकामं परत करायचं नाही ही आपली रीत. मी त्यात गावच्या आमसुलांची पुडी घालून परत केलं. मग तिचं ताट, माझं ताट, असं चालूच राहिलं. परमुलखात माझं माहेर म्हणजे ते ताट.

आता पिक्चरचं सांगते.

कॅम्पात आठवड्यातनं दोनदा गोऱ्यांना पिक्चर दाखवायचे. उघड्यावर, दोन खांबांना पांढरं कापड बांधून. पडदा कुंपणाला लागूनच होता. गोरे आत, खुर्च्यांवर, पडद्याच्या समोर. आम्ही बायका बाहेर, वाळूत, पडद्याच्या मागं. कापड पातळ, सगळं आरपार दिसायचं. मगरिबची नमाज झाली की चटई उचलायची आणि जायचं. भाषा कळायची नाही. खाला आम्हाला सांगायची की काय चाललंय. तिलाही कळायची नाही, पण सांगायची.

थंडीचे दिवस होते, गोऱ्यांचा मोठा सण जवळ आलेला. त्या आठवड्यात एक हसायचा पिक्चर आला, काळा-पांढरा, विलायतेचा. त्यात एक बारीक माणूस, सायकलवाला, दुकानात काम करणारा. गावच्या मोठ्या साहेबाचा चांदीचा कप चोरीला जातो आणि आळ येतो ह्याच्यावर. पोलीस मागं, हा पुढं. लपायला जातो तर लग्नात शिरतो, नवरीच्या बाजूला उभा. तिथनं पळतो तर बँडवाल्यांत घुसतो, आणि त्याच्या गळ्यात हा एवढा मोठा भोंगा येतो. हा गाल फुगवून फुंकतोय, आवाजच निघत नाही. वारा आला की कापड फुगायचं आणि त्या बारीक माणसाला पोट यायचं. आम्ही हसून हसून आडव्या.

पण खाला हसली नाही. म्हणाली, "हा चोरच आहे."

"कशावरनं, खाला?"

"बघ ना मेल्याला. चहा डाव्या हातानं पितो. पाव डाव्या हातानं खातो. नवरीच्या बापाला पैसे डाव्या हातानं देतो. असला माणूस चोर नाही तर काय मौलवी?"

मी बघितलं, खरंच डावा. आणि तोच नाही, सगळेच! पोलीससुद्धा सलाम डाव्या हातानं ठोकत होता. खाला उठली. "अख्खं गावच बदमाष आहे. चला गो, चोराला काय बघायचं." तिच्यामागनं सगळ्या उठल्या, मी पण. शेवट बघायचा राहिला.

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "अहो, तुमचे साहेब लोक सगळे डाव्या हातानं जेवतात?"

हे आत समोरच्या बाजूला थंड बाटल्या वाटायला होते. म्हणाले, "कोण म्हणतं? उजव्या हातानं खात होता तो."

"मी डोळ्यांनी बघितलं."

"तू मागनं बघितलंस गो, येडे." झोपडीच्या दाराला फुलाफुलाचं पातळ कापड होतं. त्यांनी मला बाहेर उभं केलं. "फुलाचा देठ कुठल्या बाजूला?" म्हटलं, ह्या हाताला. मग आत बोलावलं. आतनं बघितलं तर देठ त्या हाताला. मी चार वेळा आत-बाहेर केलं. हे म्हणाले, "बस झालं, नाहीतर लोक म्हणतील बाईला भूत लागलं."

दुसऱ्या दिवशी खालाला सांगितलं. ती म्हणाली, "तुझा नवरा गोऱ्यांचं मीठ खातो, तो त्यांचीच बाजू घेणार."

त्यानंतर दोन दिवसांनी आमच्यावर आळ आला.

सणासाठी विलायतेहून विमानातनं एक अख्खी डुकराची तंगडी आली होती, पांढऱ्या कापडात शिवलेली. आमचे हे त्या मांसाला हात लावत नसत. गोव्याचा एक किरिस्तांव आचारी होता, किचनचा मोठा, तो ते बघायचा. त्या बदल्यात हे त्याचे कांदे चिरायचे. सकाळी आचाऱ्यानं कपाट उघडलं तर तंगडी नाही. किचनचा मिशीवाला साहेब म्हणाला, मी बघितलं. मी दाढी करत होतो, खिडकीतनं एक माणूस दिसला, पाठमोरा, डाव्या खांद्यावर तंगडी टाकून चाललेला. डाव्या हातानं धरलेली.

झालं. अख्ख्या किचनमध्ये ओझं डाव्या खांद्यावर घेणारा एकच माणूस.

हे म्हणाले, "साहेब, मी मुसलमान आहे, मी ते शिवत पण नाही." साहेब म्हणाला, "खायला कशाला, विकायला नेलं असशील." गुरुवारपर्यंत वेळ दिला. कबूल कर, नाहीतर शुक्रवारच्या लॉन्चनं गावी जा.

हे घरी आले आणि चटईवर बसले. मी पाणी दिलं. म्हणाले, "चोर म्हणून जावं लागलं तरी एक वेळ ठीक. पण गावात उतरल्यावर काय सांगू? कशाची चोरी केली?"

मला हसूच आलं हो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांनाही आलं. दोघं तोंडावर माझा पदर धरून हसलो, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मग माझं मलाच कळेना की हसतेय का रडतेय. कारण गावी परतणं म्हणजे नुसतं परतणं नव्हतं. तिथं ह्या हाताला काम नव्हतं. आणि 'डुक्करचोर' हे नाव एकदा लागलं की पोराबाळांपर्यंत चालतं. मला तेव्हा तिसरा महिना होता.

संध्याकाळपर्यंत वस्तीत कळलं. माझ्या घरी खालाचं ताट होतं, मी त्यात शिरवळ्या घालून पाठवल्या. मगरिबच्या आधी पाण्याचा आवाज आला म्हणून मी झावळीतनं डोकावले. खाला शिरवळ्या कोंबड्यांना घालून ताट धूत होती. एकदा धुतलं. दोनदा धुतलं. मग मूठभर माती घेऊन घासलं. मी मोजत राहिले, बरोबर सात.

आपल्यात ते मांस लागलं तर भांडं सात पाण्यांनी धुतात, त्यातलं एक मातीचं. ही रीत मला माहीत होती. पण घराला दोन डबे पाणी मिळायचं तिथं त्या बाईनं माझ्या नावानं अर्धा डबा ओतला! मला राग आला तो पाण्याचा जास्त. बाहेर जाऊन म्हटलं, "खाला, अंघोळीला ठेवलं का थोडं?"

ती म्हणाली, "भाभी, तू चांगली आहेस. पण घरात काय काय आलं असेल ते तुला तरी काय ठाऊक?" नेहमी मला 'गो' म्हणायची. त्या दिवशी मी भाभी झाले.

सोमवारी पुन्हा तोच पिक्चर लागला. धुक्यामुळं नवीन पिक्चर घेऊन येणारं विमान आलं नव्हतं. मी गेले नाही. झोपडीत बसून बायकांचं हसणं ऐकलं. त्या बारीक माणसाची मला कीव आली. म्हटलं, बाबा, तू निदान सायकलवर पळतोयस. मी कुठं पळू, पुढं दर्या आणि मागं वाळू.

बुधवारी सकाळी मी आरसा समोर धरून केस विंचरत होते. हे माझ्या पाठीमागं उभे होते, पाण्याचा डबा उचलत. आरशात बघते तर ह्यांनी डबा उजव्या हातानं खांद्यावर घेतलेला! माझ्या हातातला कंगवा पडला. म्हटलं, या अल्ला, हात बरा झाला! वळून बघते तर डबा डाव्याच खांद्यावर.

पुन्हा आरशात बघितलं. उजव्या.

पुन्हा वळले. डाव्या.

"काय चाललंय गो तुझं, कोंबडीसारखं?"

मी म्हटलं, "अहो, साहेब काय करत होता म्हणालात? बघितलं तेव्हा?"

"दाढी."

"दाढी काय भिंतीकडे बघून करतात? आरशात बघून करतात ना? खिडकी त्याच्या पाठीमागं असणार!"

हे डबा घेऊन तसेच उभे राहिले. पाणी सांडायला लागलं तरी कळलं नाही. मी म्हटलं, "त्यानं डावा खांदा बघितला म्हणजे तो उजवा होता. पडद्याच्या मागल्यासारखं. तुमचा उजवा हात वर जातो का?"

"छातीपर्यंत."

"मग तंगडी काय तुमच्या छातीवर बसून गेली?"

हे म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण साहेबाला कोण सांगणार? साहेब, तुम्हाला आरशातलं कळत नाही, असं? शुक्रवारच्या ऐवजी गुरुवारीच पाठवील."

"सांगू नका. दाखवा. पिक्चर अजून आहे ना?"

"उद्या शेवटचा."

"मग त्याला आमच्या बाजूनं बघायला बोलवा."

हे आधी नाही म्हणाले, मग गोव्याच्या आचाऱ्याकडे गेले. आचारी चांगला माणूस, त्यालाही ह्यांच्या हाताचं माहीत होतं. त्यानं साहेबाला काय इंग्लिश सांगितलं ते खुदा जाणे. नंतर म्हणाला, मी एवढंच बोललो की ह्याची बायको म्हणते तिकडनं हा पिक्चर वेगळाच दिसतो, साहेबानं दोन मिनिटं येऊन बघावा. साहेबानं तो पिक्चर दोनदा बघितला होता, कंटाळला होता. म्हणाला, येतो.

गुरुवारी मी चटई घेऊन गेले आणि सगळ्या बायकांच्या पुढं बसले. खाला म्हणाली, "आलीस?" म्हटलं, "आले. तुमच्या चटईला लागणार नाही, घाबरू नका, पाणी कमी आहे."

पिक्चर सुरू झाला. पडद्यावर पोलीस यायच्या आधी कॅम्पाच्या फाटकातनं मिशीवाला साहेब आला, त्याच्यामागं आचारी, त्याच्यामागं आमचे हे. बायका ओढण्या सावरत चिमण्यांसारख्या उडाल्या. मी हलले नाही. मीच बोलावलेला पाहुणा, उठून कशी जाणार?

साहेब खिशात हात घालून उभा. पडद्यावर तो पोलीस आला आणि त्यानं खाडकन सलाम ठोकला. डाव्या हातानं.

साहेबाचे हात खिशातनं बाहेर आले. शिपाईगडी तो, डावा सलाम त्यानं जन्मात बघितला नसेल. मग बँड आला, सगळे बँडवाले उलटे. साहेबाला असं हसू फुटलं की त्यानं कुंपणाचा खांब धरला. डोळे पुसतोय, आचाऱ्याला दाखवतोय, पुन्हा हसतोय. आतले गोरे ओरडायला लागले की बाहेर कोण एवढं हसतंय.

तेव्हा आचारी हळूच बोलला. नंतर आम्हाला सांगितलं काय बोलला ते: "साहेब, त्या दिवशी सकाळी तुम्ही दाढी करत होता ना?"

साहेब हसता हसता थांबला. हात गालाला लावला. मग हवेत आरसा धरल्यासारखं केलं, खांद्यावरनं मागं बघितलं, डावा हात वर केला, मग उजवा. असं दोन-तीनदा. वाळूत नमाजही नाही आणि कवायतही नाही असं काहीतरी चाललेलं. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "हात उपर." डावा गेला. "दुसरा." उजवा छातीपर्यंत आला आणि थांबला. साहेबानं स्वतः कोपर धरून वर करून बघितलं. ह्यांच्या तोंडातनं हाय निघाली.

साहेबानं हात सोडला. मग तो छातीपर्यंत आलेला उजवा हात त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि 'सॉरी' म्हणाला. तेवढं इंग्लिश मला कळलं. नंतर माझ्याकडे बघून टोपीला हात लावला, उजवा.

साहेब आत गेला, बायका एकेक करून परत आल्या. त्या दिवशी मी पिक्चरचा शेवट बघितला. तो चांदीचा कप बँडच्या मोठ्या भोंग्यातच अडकलेला असतो, म्हणून त्या बिचाऱ्याच्या फुंकण्यानं आवाज निघत नसतो! शेवटी जोरात फुंकतो आणि कप उडून त्या मोठ्या साहेबाच्या डोक्यावर. आम्ही टाळ्या वाजवल्या. खाला म्हणाली, "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, हा माणूस गरीब आहे."

तिच्याशी कोण वाद घालणार?

शुक्रवारी लॉन्च गेली, आम्ही गेलो नाही. जुम्याच्या नमाजनंतर दारात खालाचं ताट आलं, फडक्यानं झाकलेलं, गरम सांदणं. ती स्वतः घेऊन आली होती. "खा गो," म्हणाली. "पोटुशी आहेस."

मी सांदणं काढून घेतली. मग तिच्यासमोरच ताट एका पाण्यानं धुतलं, पुसलं, त्यात आमसुलं घातली आणि परत दिलं. म्हटलं, "खाला, एकदाच धुतलंय. चालेल?" ती लाजून जमिनीकडे बघत हसली. पुढं माझं बाळंतपण तिनंच केलं.

तंगडी कुठं गेली ते कुणालाच कधी कळलं नाही. मला विचाराल तर सणानंतर एक तरुण गोरा फार गुबगुबीत दिसायला लागला होता. पण मी कुणावर आळ घेत नाही. मी त्याला कुंपणातनं बघितलं होतं, आणि लांबनं.

आता आम्ही शारजातच अल मजाजला राहतो, चौदाव्या मजल्यावर. हे जाऊन बारा वर्षं झाली. गेल्या महिन्यात नातीनं मोबाईलवर शोधून शोधून तसलाच एक जुना विलायती पिक्चर काढला आणि मोठ्या टीव्हीवर लावला. "दादी, इज दिस द वन?" मी म्हटलं, "तसाच वाटतो, पण काहीतरी चुकलंय." तो बारीक माणूस उजव्या हातानं चहा पीत होता. पोलीस उजव्या हातानं सलाम करत होता. मला गोडच लागेना.

मी म्हटलं, "माझ्या ट्रंकेतला आरसा आण."

आरसा घेतला, टीव्हीकडे पाठ करून सोफ्यावर बसले आणि आरशात बघायला लागले. पोलिसानं डावा सलाम ठोकला. नात म्हणाली, "दादी, व्हॉट आर यू डूइंग?"

मी म्हटलं, "गप बस, आता कुठं बरोबर दिसतोय." मग तीही माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून आरशात बघत बसली. तळहाताएवढा आरसा, दोघींना पुरला.